हृदयाचे तेल आणि शेतातील शेंग

हृदयविकाराची चाहूल लागली की सुशिक्षित घरांतून पहिला बळी जातो तो शेंगदाणा तेलाच्या डब्याचा. त्याच्या जागी येते ती ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली. ऑलिव्हचा लौकिक निराधार नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी १९५८ साली सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीट बेटावरील लोक भरपूर तेल खात असूनही त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अत्यल्प आढळले. ते तेल ऑलिव्हचे होते व त्यातील मेद प्रामुख्याने मोनोअनसॅच्युरेटेड, म्हणजे एकल असंपृक्त प्रकारचा होता. संपृक्त मेदाच्या जागी हा मेद आला की रक्तातील घातक एलडीएल कोलेस्टेरॉल घटते, हे आज सर्वमान्य आहे.

परंतु हा गुण ही काही ऑलिव्हची मिरासदारी नव्हे! आपल्या शेंगदाणा तेलातील जवळपास निम्मा मेद याच जातीचा असतो. असे असताना भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि त्यात मोठा वाटा पाम तेलाचा असतो, ज्यातील सुमारे निम्मा मेद संपृक्त आहे. फरसाण आणि बिस्किटांतून ते नकळत पोटात जाते. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा येण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

अर्थात, जे जे जुने ते ते हितकर, असा भाबडा निष्कर्षही काढता कामा नये. खोबरेल तेलातील सुमारे नव्वद टक्के मेद संपृक्तच असतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते. तेव्हा घाण्याचे तेल घेतानाही दाणा पारखलाच पाहिजे. शिवाय कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून नऊ कॅलरी मिळतात. हितकर मेद वाईट मेदाच्या जागी आला तरच लाभ. त्याच्यावर आणखी एक पळी म्हणून आला तर केवळ वजन वाढते.

तात्पर्य, हृदयरक्षणाचा मार्ग परदेशी बाटलीतूनच जातो असे नाही. तो बेताच्या फोडणीतून, एकदा तळलेले तेल पुन्हा न वापरण्याच्या शिस्तीतून आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेंगेला रास्त भाव देण्यातूनही जातो. परक्याचे ज्ञान आदराने स्वीकारावे. त्यासाठी घरातील डबा मात्र फेकून देऊ नये.