काळा चष्मा



गेल्या रविवारी आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी मिस्साला काळा चष्मा लावून आल्या. मिस्सा संपेपर्यंत सगळ्या बाकांवर बातमी पोहोचली होती : बाईंनी पापण्यांचे ऑपरेशन करून घेतले, तेही दिसण्यासाठी! 'या वयात कशाला ही थेरं?' असे कोणी म्हणाले. कोणाला लगेच डोळे रंगवणारी ईजबेल आठवली. आम्हीही त्याच घोळक्यात होतो. गप्प राहिलो, एवढेच.

घरी जाताना मात्र आठवले. गेली दोन वर्षे चर्चच्या दारात त्यांना 'किती थकलेल्या दिसता, झोप होत नाही का?' असे विचारणारे आम्हीच होतो. त्या थकलेल्या नव्हत्या. वयाबरोबर वरच्या पापणीची कातडी सैल पडते, डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागतात आणि माणूस झोपून उठला तरी दमलेला वाटतो. कातडी फारच खाली उतरली तर वरचे नि कडेचे दिसणेही कमी होते. या शस्त्रक्रियेला 'ब्लेफरोप्लास्टी' म्हणतात. हे नाव जर्मन शल्यविशारद फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये वापरले होते, तेव्हा सगळा दोष मोबाइलला देऊन चालणार नाही.

शरीराचे स्तोम माजवू नका, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २२८९) सांगतो. आम्ही ते मुलांना शिकवतो, पुढेही शिकवू. एखाद्या कॉलेजच्या मुलीने आम्हाला विचारले तर 'थांब, घाई करू नकोस' असेच सांगू. पण ज्यांच्या पापण्यांना टाके आहेत त्यांच्यावर ही शिकवण दगडासारखी फेकायची का? लेआच्या डोळ्यांविषयी उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात एकच शब्द आहे. कोणी त्याचा अर्थ 'निस्तेज' करतात, कोणी 'कोमल'. लोकांनी तिचे डोळे पाहिले. त्याच अध्यायात देवाने तिची उपेक्षा पाहिली.

दर १३ डिसेंबरला आपण संत लुसीकडे डोळ्यांसाठी मध्यस्थी मागतो. आणि मागे एकाचे अपेंडिक्स काढले तेव्हा त्याच्या घरी दोन वेळचे डबे गेले होते, आजाऱ्यांच्या प्रार्थनेत नावही होते. यांच्याकडे कोणीच गेले नाही.

सोमवारी आम्ही दोघे गेलो. मुलगा परगावी, घरात त्या एकट्याच. डोळ्यांभोवती काळेनिळे, सूज. तीन उशा लावून झोपायचे, थंड पट्ट्या ठेवायच्या, वाकायचे नाही, जड उचलायचे नाही. टाके आठवड्याभरात निघतात, सूज बरीचशी उतरायला मात्र दोनेक आठवडे जातात. अचानक फार दुखले किंवा दिसेनासे झाले तर तडक डॉक्टरांकडे जायचे, असे त्यांना बजावलेले. रात्री एकटीने ते कसे कळणार, याचीच त्यांना धास्ती होती. लोक काय म्हणतात ते त्यांना आधीच कळले होते. त्याबद्दल आम्ही माफी मागितली. त्यांनी चहा करायला उठायचा प्रयत्न केला, आम्ही बसवले.

रात्री सोबतीला शेजारची मुलगी येते. दुपारचे थेंब घालायला शुक्रवार आणि शनिवार अजून मोकळे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी जपमाळेनंतर आम्हाला सांगावे.