अंधारात संडासला न जाणारं पोर

आपल्याकडं टीव्ही एकच आणि खोलीही एकच. रात्री दहाला भुताचा पिक्चर लागला की अख्खं घर बघतं. "पोरगं झोपलंय की," असं आई म्हणते. ते झोपलेलं नसतं. गोधडीत डोळे मिटून पडलेलं असतं, कान मात्र उघडे. वस्तीत पोरांना विचारा, काय दिसलं ते फार कमी जण सांगतात. दार करकरलं, पैंजण वाजलं, बाई हसली, हेच सांगतात.

याला कारण आहे. स्वस्तातल्या भयपटाकडं मोठी यंत्रं नसतात. रामसे बंधूंनी १९७२ साली 'दो गज ज़मीन के नीचे' काढला तो जवळच महाबळेश्वरला, काही लाखांत. धूर, अंधार आणि अंगावर येणारं संगीत, एवढ्यावर भागवलेलं. तरी १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी लांब कुठल्यातरी हवेलीत होता. आताचे मोबाईलवरचे दोन-दोन मिनिटांचे भुताचे व्हिडिओ साध्या घरात काढलेले असतात. पत्र्याचं दार, मोरी, माळा, लुकलुकणारी ट्यूब. पोरानं हवेली कधी बघितलेली नसते, मोरी मात्र समोरच असते. मला हे जास्त वाईट वाटतं. थेटरात 'ए' सर्टिफिकेटच्या पिक्चरला पोराला दारात अडवायचा नियम तरी आहे. मोबाईलला डोअरकीपर नाही.

मोठ्यांनी बघूच नये असं मी म्हणत नाही. दिवसभर राबल्यावर करमणूक हवी, आणि घाबरण्यातही मजा असते. पण पोर जागं असेल तर आवाज बंद करा किंवा इअरफोन लावा. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या पोराला "ते खोटं असतं" सांगून भागत नाही. त्याला जवळ घ्या, बारका दिवा चालू ठेवा. आठ-दहा वर्षांच्या पोराला पडद्यामागचं सांगा. 'झपाटलेला'तला तात्या विंचू हा रामदास पाध्यांनी केलेला बाहुला. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले इंजिनिअर. पोरं हे ऐकून हसतात. आणि "गप झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" हे आधी आपल्या तोंडातनं जाऊ द्या.

ही भीती आमच्यापर्यंत येते ती लघवीच्या तक्रारीतून. संडास गल्लीच्या टोकाला, म्हणून पोर रात्री उठत नाही, दाबून धरतं. काही पोरं तर संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग जळजळ, पोटदुखी, कधी ताप. शौच दाबून खडा होतो तो वेगळाच. अंथरूण ओलं झालं की वर मार. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं नेहमीचंच आहे. पण सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर लघवी तपासून घ्या, जंतूसाठी आणि साखरेसाठीही.

झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळतं, डोळे उघडे पण आईला ओळखत नाही, सकाळी काही आठवत नाही. याला 'नाइट टेरर' म्हणतात, बाहेरची बाधा नाही. हलवून जागं करू नका, कुठं आपटणार नाही एवढं बघा. बहुतेक मुलांचं वयाबरोबर जातं. वारंवार होत असेल तर सीपीआरला दाखवा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर विचारा. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि पोराच्या गळ्यात देवऋषीचा दोरा, अशीही घरं आहेत, म्हणून सांगते: भूत काढायच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद.

आता पोरींचं. तेरा-चौदा वर्षांची पोरगी रात्री संडासला सोबत मागते, आणि भाऊ हसतो, "भुताला भितीस होय!" तिला एकटीला बाजूला घेऊन विचारा, कशाची भीती वाटते. कोपऱ्यावर बसणाऱ्या टोळक्याची असेल. आतला बल्ब गेलेला असेल, कडी तुटलेली असेल. तिथं पिक्चर बंद करून काही होणार नाही. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात दिव्यासाठी आणि कडीसाठी अर्ज द्या. अर्जात खांबाचा नंबर घाला, गल्लीतल्या पाच-पंचवीस बायकांच्या सह्या घ्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मारून घ्या. दिवा लागेपर्यंत रात्री पोरीबरोबर घरातलं कुणीतरी जाऊ दे.