वेदीवस्त्रावरील मुकी अक्षरे

वेदीवस्त्रावर ‘आय.एच.एस.’ ही अक्षरे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. येशूच्या ग्रीक नावातील ती पहिली तीन अक्षरे होत, हे सांगणारा मात्र विरळा. जे नाव कळावे म्हणून लिहिले, तेच वाचता येऊ नये, याला आम्ही भक्ती म्हणावे की निव्वळ सवय?

इजिप्तच्या कॉप्टिक विणकामाकडे पाहावे. सहाव्या शतकात तेथे विणलेला, सुमारे १७९ सेंटिमीटर उंचीचा एक लोकरी पट आज अमेरिकेतील क्लीव्हलँड कलासंग्रहालयात आहे. सिंहासनावर पवित्र मरिया व बाळ येशू, दोहों बाजूंस मिखाएल व गाब्रिएल, भोवतीच्या फुलापानांच्या चौकटीत प्रेषितांच्या मुद्रा आणि त्यांची नावे ग्रीक अक्षरांत. ज्यांनी भारतात शुभवर्तमान आणले असे आपली परंपरा मानते, ते प्रेषित थोमाही त्यांत आहेत. ही नावे मागाहून टाक्यांनी भरलेली नाहीत. उभ्या ताण्यातून रंगीत बाणा हाताने फिरवीत ती चित्राबरोबरच विणली गेली. नाव उसवायचे तर वस्त्रच उसवावे लागेल!

कोणी म्हणतील, तीही परकीच अक्षरे ना? नव्हे. त्या काळी इजिप्तमध्ये ग्रीक बोलली व वाचली जात होती. शिवाय कॉप्टिक लोकांनी ग्रीक वर्णमालेत आपल्या जुन्या लिपीतील काही चिन्हे घालून स्वतःच्या बोलीत पवित्र शास्त्र लिहिले. सातव्या शतकात अरबांची सत्ता आल्यानंतर तेथील वस्त्रांत अरबी अक्षरेही विणली जाऊ लागली. वाचणारे बदलले, तशी अक्षरेही बदलली.

दुसरा आक्षेप परंपरेचा. तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने मातृभाषेला वाव दिला आणि सर्व लोकांच्या कलेला मंदिरात मोकळीक दिली. मिस्सा मराठीत होऊ लागली. वेदीवस्त्र तेवढे मुके राहिले. जुनी वस्त्रे टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. नवे घ्याल, तेव्हा विचार करा, एवढेच मागणे.

आमच्या इंझोरीच्या शिवारात कापूस पिकतो. त्याच्या सुताच्या वस्त्रावर ‘येशू’ ही दोन अक्षरे गावातल्या हातांनी उमटावीत. आणि पहिलीतल्या लेकराने पुढच्या बाकावरून ते नाव मोठ्याने वाचले, तर त्याला कोणी गप्प करू नये.