ग्रहण पाळायचे की मोजायचे?

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. त्या दुपारपासूनच धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात जेवणाची ताटे भरलेलीच परत जाऊ लागली. ‘वेध लागलेत डॉक्टर. आता खायचं न्हाई, विळीला हात लावायचा न्हाई. लेकराचा ओठ फाटतोय,’ एका सासूबाईंनी सांगितले. सून सात महिन्यांची गरोदर, हिमोग्लोबिन साडेसात.

ग्रहणाकडे पाहण्याची दुसरी रीत फार लांब नाही, पुणे जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. सुमारे ६५ प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याभोवती ‘एचडी १८९७३३ बी’ हा गुरूपेक्षा थोडा मोठा ग्रह फिरतो. तो ताऱ्याला इतका चिकटून आहे, की त्याचे वर्ष सव्वादोन दिवसांचे आणि तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर. दुर्बिणीतून तारा आणि ग्रह वेगळे दिसत नाहीत. मग ग्रहाचे काय आणि ताऱ्याचे काय, हे कसे ओळखायचे?

इथे ग्रहण कामी येते. ग्रह ताऱ्यामागे गेला की येतो तो प्रकाश फक्त ताऱ्याचा. आधीच्या मोजमापातून तो वजा केला की उरते ते ग्रहाचे. आम्ही अंगावरचे पुरळ औषधाने आले का, हे औषध थांबवून पाहतो, तसेच हे. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने २००५ पासून अशा तप्त ग्रहांची उष्णता याच पद्धतीने मोजली. या ग्रहाच्या बाबतीत अवरक्त प्रकाशात पडणारी घट होती जेमतेम अर्धा टक्का. आज जेम्स वेब दुर्बीण त्याच रीतीने अशा ग्रहांच्या तापमानाचे नकाशे काढते.

फ्रान्स आणि पुण्यातील संशोधकांनी जीएमआरटीवरून या ग्रहाचे रेडिओ संकेत शोधले. ग्रहणाची वेळ मध्ये धरून सुमारे पावणेआठ तास निरीक्षण केले. काहीच सापडले नाही, आणि २००९ मध्ये त्यांनी तसेच छापले. पुढे नेपच्यूनएवढ्या ‘एचएटी-पी-११ बी’ या ग्रहाकडून २००९ च्या निरीक्षणात क्षीण संकेत आल्यासारखे दिसले. ग्रह ताऱ्याआड जाताच तेही नाहीसे झाले. आनंद व्हावा अशीच गोष्ट. पण २०१० मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा संकेत नव्हता. म्हणून २०१३ च्या शोधनिबंधात त्यांनी त्याला शोध न म्हणता केवळ ‘चाहूल’ म्हटले.

हीच कसोटी फाटलेल्या ओठाला लावा. बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळून झालेला असतो. सातव्या महिन्यातले ग्रहण तो फाडणार कसे? ग्रहण नसलेल्या वर्षीही अशी बाळे जन्मतात, आणि ग्रहण पाहिलेल्या असंख्य आयांची बाळे धडधाकट असतात. आनुवंशिकता, आईचे धूम्रपान, मधुमेह, फिटची काही औषधे यांचा संबंध मात्र अभ्यासांतून वारंवार दिसला आहे. उपाशी राहण्याचा तोटा तर आम्हाला वॉर्डातच दिसतो: चक्कर येते, साखर उतरते, लोहाची गोळी चुकते.

त्या सासूबाईंशी मी वाद घातला नाही. सोनोग्राफीत बाळाचा ओठ नीट दिसला होता, तेवढे सांगितले. रात्री आठ वाजता सुनेने वरण-भात खाल्ला.

२ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. सूर्याकडे ग्रहणाच्या खास चष्म्याशिवाय पाहू नका, ही भीती खरी आहे. गरोदर बाईला मात्र वेळेवर जेवण, पाणी आणि गोळ्या द्या. आणि बाळ फाटलेल्या ओठाचे जन्मले, तर आईला बोल लावू नका, आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची शस्त्रक्रिया मोफत होते.