दाढेचं रूट कॅनल झालं, कॅपचं ‘नंतर बघू’: हा अर्धवट उपचार बंद करा

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा किंवा मानोरा, कुठल्याही तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात दिवसभर बसा. एक वाक्य हमखास ऐकू येईल: “दुखनं तं थांबलं ना मॅडम, मंग आता कॅप कायले?” आणि दुसरं: “सोयाबीन निंगालं की येतो.”

पेशंटचं हे बोलणं चुकीचं वाटत असलं, तरी त्याचं मूळ बहुतेक वेळा दवाखान्यातच असतं. पहिल्या दिवशी त्याला रूट कॅनलचा दर सांगितलेला असतो आणि कॅपचा विषय शेवटच्या दिवशी निघतो, तोही “लावली तर बरं” अशा सुरात. माझं म्हणणं सरळ आहे. किडीने पोखरलेल्या दाढेचं रूट कॅनल आणि तिच्यावरची कॅप हा एकच उपचार आहे. त्याचे दोन तुकडे करून अर्धा विकणं आणि अर्धा विकत घेणं, दोन्ही बंद झालं पाहिजे.

ठणका गेला, पण दाढ कमजोरच राहिली

रूट कॅनलमध्ये आम्ही दाढेतली सडलेली नस काढतो, मुळांच्या आतल्या बारीक नळ्या साफ करतो आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने त्या भरून बंद करतो. जंतू गेले की सूज उतरते आणि ठणका थांबतो. रूट कॅनलचं काम तेवढंच. किडीने खाल्लेल्या भिंती त्याने परत येत नाहीत.

“नस काढली की दात सुकतो आणि ठिसूळ होतो” असं बरेच जण सांगतात. खरं कारण वेगळं आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दातांची ताकद टप्प्याटप्प्याने मोजली होती. नुसतं रूट कॅनलसाठी छिद्र पाडल्यावर दाताचा ताठपणा फक्त ५ टक्क्यांच्या आसपास कमी झाला. पण दाताच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कडा गेल्यावर तो ६३ टक्क्यांनी घटला. आडव्या तुळया काढलेलं घर डोळ्यांसमोर आणा. भिंती उभ्या दिसतात, पण त्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारं काही उरत नाही. आपल्याकडे रूट कॅनलला येणाऱ्या बहुतेक दाढांच्या या कडा किडीने आधीच खाल्लेल्या असतात.

अशा दाढेवर मग आपण जोर देतो. मागच्या दाढांवर माणूस ५० ते ७० किलोपर्यंतचा दाब सहज देऊ शकतो. त्यात आपलं खाणं म्हणजे फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ऊस, आणि दिवसभर तोंडात खर्रा. सुपारीचा एक कडक तुकडा नेमका मधे आला की उभ्या भिंती बाहेर फाकतात. चीर वरच्या भागातच थांबली तर दाढ वाचवता येते. ती मुळापर्यंत गेली तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे तिच्यावर भरवशाचा इलाज नाही, दाढ काढावीच लागते. रूट कॅनलचे पैसेही तिच्यासोबतच जातात.

कॅप दाढेला चारही बाजूंनी कवेत घेते आणि भिंतींना फाकू देत नाही. शिवाय आतल्या भरणावर ती झाकण होते. आम्ही भरलेलं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आत झिरपते, लाळेबरोबर जंतू जातात आणि स्वच्छ केलेल्या नळ्या पुन्हा सडतात.

“कॅप म्हणजे डॉक्टरचा धंदा” म्हणणाऱ्यांना उत्तर

ही शंका रास्त आहे, म्हणून आकडे बघू. अमेरिकेतल्या विमा नोंदींवरून १४ लाखांहून जास्त रूट कॅनल केलेल्या दातांचा आठ वर्षांचा हिशोब २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ९७ टक्के दात तोंडात टिकून होते. जे काढावे लागले, त्यांतल्या सुमारे ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. २००२ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात कॅप नसलेले दात गमावण्याचं प्रमाण कॅप असलेल्यांच्या सहापट निघालं.

विरोधातला पुरावाही सांगते. कॅप आणि साधं भरण यांची काटेकोर तुलना करणाऱ्या चाचण्या फारच कमी झाल्या आहेत. कॉक्रेन या संस्थेने असा पुरावा शोधला, तेव्हा त्यांच्या निकषात एकच चाचणी बसली. तिच्यात ११७ जण होते आणि तीन वर्षांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण ती चाचणी दाढांच्या पुढच्या लहान दातांवर, म्हणजे उपदाढांवर होती. मागच्या पोखरलेल्या दाढेला तिचा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

म्हणून सरसकट कॅप लावणाऱ्यांचीही मी बाजू घेणार नाही. समोरच्या दाताला छोटं छिद्र पाडून रूट कॅनल केलं असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर चांगलं भरण पुरतं. १९८४ साली बाराशेहून जास्त दातांच्या नोंदी तपासल्या तेव्हाही हेच दिसलं: दाढा आणि उपदाढांना कॅपचा स्पष्ट फायदा, समोरच्या दातांना नाही. दाढेच्याही सगळ्या भिंती जाड आणि शाबूत असतील, तर भरण करून लक्ष ठेवता येतं. पण अशी दाढ आमच्यापर्यंत क्वचितच येते.

सोयाबीनपर्यंत थांबावं का?

जुलैत पेरणीच्या धांदलीत दाढ ठणकते, घाईत रूट कॅनल होतं. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, विकलं जातं, पैसे हातात येतात दिवाळीच्या आसपास. म्हणजे चार महिने झाले. २०१६ सालच्या एका अभ्यासात, ज्यांनी कॅप चार महिन्यांनंतर लावली त्यांची दाढ काढावी लागण्याची शक्यता वेळेत लावणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होती. आपला पिकाचा हंगाम आणि दाढेची मुदत नेमकी इथे एकमेकांच्या आड येतात.

शेतकऱ्याकडे जुलैत पैसा नसतो, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. मग पहिल्याच दिवशी पूर्ण खर्च सांगायला काय अडतं? “रूट कॅनल इतके” असा एकच आकडा सांगितला की तो स्वस्त वाटतो आणि पेशंट शेजारच्या दवाखान्यात जात नाही, एवढंच ना? बियाणं घेताना खताचा आणि फवारणीचा हिशोब धरणारा माणूस दाढेचाही पूर्ण हिशोब समजू शकतो. तो त्याला सांगितलाच जात नाही.

महाग कॅपच दाखवायची, हा दुसरा अन्याय

कॅप म्हटलं की हल्ली थेट झिरकोनिया आणि दहा-पंधरा वर्षांची वॉरंटी पुढे केली जाते. ती वॉरंटी कॅपच्या तुकड्याची असते, तुमच्या दाढेची नाही. खालची मागची दाढ बोलताना-हसताना फारशी दिसत नाही. तिथे साधी पूर्ण धातूची कॅप उत्तम काम करते. ती सगळ्यात स्वस्त असते, तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते आणि ती सहसा फुटत नाही. धातूचे दागिने किंवा घड्याळाचा पट्टा घातल्यावर अंगाला खाज सुटत असेल, तर ते आधी सांगा, कारण काही कॅपमध्ये निकेल असतं. रंग दातासारखा हवा असेल तर सिरॅमिक किंवा झिरकोनिया घ्या, ती तुमची हौस आहे आणि त्यात काही चूक नाही. पण “झिरकोनिया परवडत नाही, म्हणून कॅपच नको” हा हिशोब कुणी तुमच्या डोक्यात घातला असेल तर तो खोटा आहे.

धातूची कॅपही आज शक्य नसेल, तर दाढेचे कमजोर उंचवटे कमी करून त्यांच्यावरून पक्कं भरण चढवता येतं. ते कॅपइतकं टिकाऊ नसतं, पण उघड्या दाढेपेक्षा खूप बरं. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी खाजगीपेक्षा कमी खर्चात काम होतं, फेऱ्या मात्र वाढतात. आणि दाढेचं जेमतेम हिरडीइतकंच बूड उरलं असेल, तर कॅपलाही पकड मिळत नाही. तेव्हा रूट कॅनलचे पैसे घेण्याऐवजी “ही काढलेली बरी” असं स्पष्ट सांगणं हाच प्रामाणिकपणा आहे.

खुर्चीत बसण्याआधी हे विचारा

१. रूट कॅनल, आतलं भरण आणि कॅप मिळून एकूण खर्च किती?
२. माझ्या दाढेच्या किती भिंती शिल्लक आहेत? कॅपला पकड मिळेल का?
३. सगळ्यात स्वस्त चालणारी कॅप कोणती?
४. कॅप कोणत्या तारखेला लागेल?

उत्तर कागदावर मागा. त्यात डॉक्टरचा अपमान नाही. स्वच्छ काम करणाऱ्याला हे प्रश्न सोपेच वाटतात.

रूट कॅनल होऊन महिने झालेत आणि दाढ अजून उघडी आहे, असे तुम्ही असाल तर दुखायची वाट बघू नका. तिची नस काढलेली आहे, त्यामुळे चीर पडली तरी ती तुम्हाला वेळेवर सांगणार नाही. तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका, खर्रा तर थुंकूनच द्या, आणि या आठवड्यात जवळच्या दंतवैद्याकडे जाऊन दाढ दाखवून घ्या. भरण हललं असेल तर ते आधी बदलावं लागेल, मग कॅपचं माप घेता येईल.