नोकरी लागली, पण टिकायची कशी?

अपंग मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली की घरात पेढे येतात. शेजारीपाजारी म्हणतात, "चला, लेकरू मार्गी लागलं एकदाचं." असे पेढे मीही पुष्कळ खाल्ले आहेत. पण वर्ष-दीड वर्षाने तेच लेकरू पुन्हा घरी बसलेलं दिसतं, आणि तेव्हा मात्र कुणी फारसं बोलत नाही. फार तर "त्याला झेपलं नाही हो" एवढं म्हणून विषय बदलतात. आज मला या "झेपलं नाही" बद्दल लिहायचं आहे. काम झेपलेलं असतं, पण जिना झेपत नाही, असंच मी बहुतेक वेळा पाहिलं आहे.

(आता सरकारी कागदावर "दिव्यांग" हा शब्द आहे. मी जुन्या वळणाची, त्यामुळे दोन्ही शब्द येतील. राग नसावा.)

माझी एक विद्यार्थिनी, पोलिओमुळे एका पायात कॅलिपर आणि हातात कुबडी. बी.कॉम. झाली, हिशोबात चोख. एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला लागली. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बायकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर. दिवसातून तीनदा जिना चढणं-उतरणं शक्य नाही, म्हणून ती सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत पाणीच प्यायची नाही. शेवटी मूत्रमार्गाचा त्रास सुरू झाला आणि नोकरी सुटली. तिच्या वडिलांनी साहेबांना विनंती केली, तर उत्तर मिळालं, "एका माणसासाठी इमारत बदलू का?" इमारत बदलायची गरजच नव्हती हो! तळमजल्यावर गोडाऊनच्या कारकुनाशेजारी एक टेबल मांडलं असतं तरी भागलं असतं. खर्च शून्य.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. शिक्षकाची सवय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९९५ साली अपंगांसाठी पहिला मोठा कायदा झाला. सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव झाल्या. त्यातलं ४७ वं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्या माणसाला काढता येणार नाही. पहिलं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, आणि तशी जागा रिकामी नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद धरायचं. कुणाल सिंग नावाच्या एका शिपायाचा पाय कामावर असताना दुखावला आणि कापावा लागला. त्याला सेवेतून कमी केलं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००३ साली याच कलमाच्या आधारे जिंकला.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या एका सरांची दृष्टी पन्नाशीनंतर कमी होत गेली. शाळेने त्यांना तोंडी गणितं आणि पाठांतर यांचे तास दिले, फळ्यावर लिहायला एक मुलगा उभा राहायचा. सर सन्मानाने निवृत्त झाले. मुलांचं नुकसान झालं का? मुळीच नाही. उलट त्या वर्गांतल्या मुलांचे पाढे इतके पक्के होते की विचारू नका.

पुढे २०१६ साली नवा कायदा आला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ४ टक्के झालं. सरकारी आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांनी अपंग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून दिलीच पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. वाजवी म्हणजे काय, तर त्या माणसाला गरजेची आणि देणाऱ्यावर अवाजवी बोजा न टाकणारी. खाजगी मालकालाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. २० किंवा अधिक माणसं असतील तर एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. आणि वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं कायद्याच्या व्याख्येतच म्हटलं आहे.

कागदावर सगळं छान आहे. पण पैशाचं काय?

माझा भाचा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो. चौदा माणसं आहेत. मी त्याला हे सगळं ऐकवलं, तर तो म्हणाला, "मावशी, तुझं पटतं गं. पण बँकेचा हप्ता, विजेचं बिल आणि चौदा पगार भागवून माझ्या हातात काय उरतं ते मला माहीत. रॅम्प आणि नवीन संडास मी कुठून बांधू?" त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मोठ्या कंपनीला एक लिफ्ट म्हणजे किरकोळ खर्च, पण याच्यासारख्याला एक संडास म्हणजे दोन महिन्यांची झोप उडाली.

मग सरकार त्याला काय देतं? २००८ साली केंद्र सरकारने खाजगी मालकांसाठी एक योजना काढली. अपंग माणसाला नोकरीवर घ्या, महिना २५ हजारांपर्यंत पगार असेल तर त्याच्या प्रॉव्हिडंट फंडाचा आणि ईएसआयचा मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षं सरकार भरेल. दर वर्षी एक लाख नोकऱ्या देण्याचं उद्दिष्ट होतं. हेतू चांगलाच होता, पण थोडा विचार करा. माझ्या विद्यार्थिनीच्या मालकाला प्रॉव्हिडंट फंडाची अडचण नव्हती. तिची अडचण जिना आणि स्वच्छतागृह ही होती, आणि त्यासाठी या योजनेत एक पैसाही नव्हता.

२०१६ च्या कायद्यातही खाजगी क्षेत्रात किमान ५ टक्के अपंग कर्मचारी असावेत म्हणून मालकांना सवलती द्याव्यात, असं ३५ वं कलम आहे. पण त्याच्या आधी "आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत" असे शब्द आहेत. या शब्दांना मी शाळेत असताना "सवडीने बघू" म्हणत असू.

यावर इंग्लंडमधली एक व्यवस्था मला विचार करण्यासारखी वाटते. तिथे १९९४ पासून "ॲक्सेस टू वर्क" नावाची सरकारी योजना आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे वाजवी बदल मालकाने स्वतः करायचे. त्यापलीकडचा खर्च, म्हणजे खास उपकरणं, मदतनीस, कर्णबधिरासाठी खुणांच्या भाषेचा दुभाषा, बसने जाता येत नसेल तर टॅक्सी, यासाठी सरकार अनुदान देतं. अर्ज मालक करत नाही, कर्मचारी स्वतः करतो. उपकरणांच्या खर्चात मोठ्या मालकाला वाटा उचलावा लागतो, पण पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्याकडे वाटा मागत नाहीत. म्हणजे माझ्या भाच्याचा प्रश्न तिथे सुटला असता.

तिथेही सगळं आलबेल नाही. २०२५ मध्ये साठ हजारांवर अर्ज निकालाची वाट पाहत पडून होते, आणि मदत येईपर्यंत नोकरी गेली असंही घडतं. पण तिथली रचना बरोबर आहे. जर्मनीत वेगळी रीत आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाने ५ टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना दिल्या नाहीत तर त्याला भरपाई भरावी लागते, आणि तो पैसा अपंगांच्या नोकऱ्यांसाठीच वापरतात.

काही जण म्हणतील, आपला गरीब देश, इथे हे परवडायचं नाही. माझं उत्तर असं, की हा खर्च आपल्याकडे आजही होतोच आहे, फक्त तो सरकारच्या किंवा कंपनीच्या वहीत दिसत नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या पगारातला मोठा भाग रिक्षाला जायचा. केंद्र सरकारी नोकरीत असती तर तिला वाहतूक भत्ता दुप्पट दराने मिळाला असता, खाजगीत तो घरच्यांनी सोसला. मुलाला स्टेशनपर्यंत सोडायला रोज जाणारी आई स्वतः काम करू शकत नाही, तीही किंमतच. आणि नोकरी सुटल्यावर तीस-पस्तीस वर्षांचं शिकलेलं माणूस घरी बसतं, ती किंमत तर कुणी मोजतच नाही. म्हणजे आज सगळं बिल घरातले भरतात. ते सरकार, मालक आणि घर यांनी वाटून भरावं, एवढंच माझं म्हणणं.

मग करावं काय? एक तर सोयीचा पैसा माणसाच्या नावावर असावा. त्याने नोकरी बदलली तर खुर्ची, यंत्र, दुभाषाचं अनुदान त्याच्याबरोबर जावं. दुसरं, छोट्या मालकाला पूर्ण मदत आणि मोठ्याला वाटा, असा सरळ हिशोब असावा. तिसरं, हे जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावं आणि ठरलेल्या दिवसांत व्हावं. महाराष्ट्रात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. ग्रामपंचायती-नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. त्यातला काही भाग कामाच्या जागेवरच्या सोयींना देता येईल का, हे कुणीतरी जाणत्याने बघायला हवं.

पण सरकारची वाट पाहत बसू नये, कारण कितीतरी सोयी फुकटच असतात. टेबल खाली आणणं, गर्दी टाळायला वेळ तासभर पुढे-मागे करणं, तोंडी सूचना कर्णबधिराला लिहून देणं. अंधांसाठी संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर तर मोफत मिळतं. यासाठी मालकाने एकच करायचं, त्या माणसाला विचारायचं, "तुला काय लागेल?" दयाबुद्धीने नको, नवीन यंत्र घेताना त्याला किती व्होल्ट लागतात हे जसं विचारतो तसं.

आमच्या घरातली दोन-तीन मंडळी आता मोठ्या कंपन्यांत साहेब आहेत आणि माझं लिखाण वाचतात (निदान वाचतो म्हणतात!). त्यांना सांगते, उद्या ऑफिसात गेलात की समान संधीचं धोरण कुठे लावलंय ते शोधा, संपर्क अधिकारी कोण ते विचारा, आणि स्वच्छतागृहापर्यंत चाकाची खुर्ची जाते का ते स्वतः चालत जाऊन पाहा. आणि जे दिसेल ते मला जरूर कळवा. भाच्याने तळमजल्यावरचं एक टेबल मोकळं करायचं कबूल केलंय. त्याला हिशोबाला माणूस हवाय, कुणी ओळखीचं असेल तर सांगा.

असो. आज बरंच लांबलं. इथेच थांबते.