लोकर बांधावर, कारागीर शोधात

मेंढपाळ बंधूंनो, कातरणी झाली की लोकरीचे काय करता? बहुतेक वाड्यावस्त्यांवर उत्तर एकच येते, 'काय करणार, बांधावर टाकतो.' लोकरीच्या पैशातून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, ही तक्रार खरी आहे. पण घोंगडी विणणारे सांगर कारागीर मात्र चांगली लोकर मिळत नाही म्हणतात. मग घोडे अडते कुठे?

२०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. दख्खनी मेंढीची लोकर भरड. मऊ कापडाच्या गिरणीला ती चालत नाही, घोंगडीला मात्र तीच लागते. मटणाला भाव आला आणि अनेक कळपांत माडग्याळसारख्या जातीचा नर आला. कोकरांचे वजन वाढले, पण अंगावर लोकरीऐवजी केस आले. नुसत्या केसांचे धड सूत निघत नाही. म्हणजे चांगली लोकर आधीच कमी, आणि आहे तीही आपण एकाच पोत्यात कोंबतो.

थोडी काळजी घेतली तर फरक पडतो. कातरणीआधी मेंढरे ओढ्यात धुवा आणि अंग पूर्ण वाळू द्या. ओली लोकर पोत्यात कुजते. कातर एकदाच, कातडीलगत चालवा. दुसऱ्यांदा फिरवली की बारीक तुकडे पडतात आणि सुतात गाठी येतात. पाठीची व खांद्याची लोकर वेगळी ठेवा. पोटाची, पायाची, लेंड्या चिकटलेली बाजूला काढा. काळी, पांढरी, करडी एकत्र करू नका. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ. ती जपा. चिमूटभर लोकर दोन्ही हातांनी ओढून बघा. तटकन तुटली तर सुताला नको. गोखरू, कुसळे वेचून काढली की पिंजणाऱ्याचे निम्मे काम हलके होते.

एकट्याची दोन-चार पोती घ्यायला कोणी येणार नाही, हेही खरे. म्हणून सरपंच आणि ग्रामसेवकांनी गावाची कातरणी एकाच आठवड्यात ठरवावी, निवडलेली लोकर एका जागी ठेवावी आणि विणकरांना आधी निरोप धाडावा.

मटणावर घर चालते, हे कोण नाकारील? पण दहा मेंढ्यांमागे दोन तरी लोकरीच्या राखा. एकदा वाण गेले की पैसे मोजूनही परत यायचे नाही.